जुना कॅमेरा घेताना शटरचे वय कसे ओळखावे

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, अक्कलकुवा. मार्च १९९९ च्या दहावीच्या तुकडीतर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपली तुकडी जरा वेगळी. नववी पास झालो तेव्हा आपला जिल्हा धुळे होता. दहावीचे वर्ग सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा झाला. त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या एका कागदावर धुळे आहे आणि दुसऱ्यावर नंदुरबार, आणि कचेरीत गेलो की अजूनही त्याचा खुलासा करावा लागतो. ते असो. आज मला विषय समितीने दिला आहे आणि वेळही मोजून दिला आहे, म्हणून थेट विषयावर येतो.

आपल्या वर्गणीतून शाळेला एक कॅमेरा भेट द्यायचे ठरले आहे. नवा चांगला कॅमेरा घेण्याइतके पैसे जमलेले नाहीत, म्हणून जुना डीएसएलआर घ्यायचा विचार आहे. दोन-तीन ठिकाणांहून कॅमेरे सांगूनही आले आहेत. मी वीस वर्षांपासून लग्नाचे आणि कार्यक्रमांचे फोटो काढतो, म्हणून कोणता घ्यायचा ते तू बघ, असे मला सांगण्यात आले. दुसरेही एक कारण आहे. आपल्यापैकी काही जणांचे मुलगे आता कामाला लागायच्या वयाचे झाले आहेत. मुलगा लग्नाच्या ऑर्डरी घ्यायच्या म्हणतो, जुना कॅमेरा स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असे फोन मला येतात. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा आज सगळ्यांसमोर सांगतो. स्मरणिकेत छापले की कपाटातून काढून परत वाचता येईल.

आपल्यापैकी निम्मे तरी शेतकऱ्याच्या घरचे. बाजारात बैल घ्यायला गेल्यावर आपले वडील काय करायचे ते आठवा. आधी बैलाचे तोंड उघडून दात बघायचे. आदत आहे, दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळला आहे, यावरून वय कळते. पण नुसते दात बघून कोणी पैसे मोजत नाही. बैल चालवून बघतात, खूर बघतात, खांद्यावर हात फिरवतात, जमले तर औताला जुंपून बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे आपले काम किती आहे ते मनाशी ठरवून मग भाव करतात. जुना कॅमेरा घेण्याची रीत अगदी अशीच आहे. कॅमेऱ्याचे दात म्हणजे त्याचा शटर काउंट. आजपर्यंत त्याने किती क्लिक केले, तो आकडा.

आता हे शटर काय असते ते थोडक्यात सांगतो. आपले विज्ञानाचे सर समोर बसले आहेत. सर, कुठे चुकलो तर थांबवा.

डीएसएलआर कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे आरसा असतो, आरशाच्या मागे शटर आणि शटरच्या मागे सेन्सर. शटर म्हणजे पातळ पात्यांचे दोन पडदे. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो, पहिला पडदा सरकतो आणि सेन्सरवर उजेड पडायला लागतो. मग दुसरा पडदा त्याच्याच दिशेने मागून येतो आणि उजेड बंद करतो. आरसा खाली येतो, दोन्ही पडदे पुन्हा जागेवर जातात. आपल्याला ऐकू येतो तो 'खटक' आवाज या सगळ्या हालचालींचा मिळून असतो.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढची सगळी तपासणी तिच्यावर उभी आहे. आपण १/४००० सेकंदाचा वेग लावला म्हणून पडदा तेवढ्या वेळात सेन्सर ओलांडत नाही. त्याला ओलांडायला साधारण १/२५० किंवा १/३०० सेकंद लागतोच. मग १/४००० कसे साधते? तर पहिला पडदा निघाला की लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा निघतो. दोघांच्या मध्ये एक बारीक फट राहते आणि ती फट सेन्सरवरून सरकत जाते. शेताला पाणी देताना एकाच वेळी सगळ्या शेतात सोडत नाही, एकेक वाफा भिजवत पुढे जातो, तसेच. वेग जितका जास्त, तितकी फट अरुंद. दोन्ही पडदे सारख्या चालीने धावले तर फट शेवटपर्यंत सारखी राहते आणि फोटो सगळीकडे सारखा उजळ येतो. एक पडदा सुस्त झाला तर फटीची रुंदी वाटेत बदलते आणि फोटोची वरची किंवा खालची कडा काळवंडते. शटर झिजले म्हणजे बहुतेक वेळा काय होते, तर हे.

आपला दहावीचा ग्रुप फोटो रोलवर निघाला होता. एका रोलमध्ये ३६ फोटो. फोटोग्राफर जपून काढायचा, कारण प्रत्येक फोटोला रोलचा आणि धुलाईचा खर्च होता. एका लग्नात सहा रोल संपले तरी २१६ फोटो होत. आज मेमरी कार्ड आले आणि क्लिक फुकट झाली असे सगळ्यांना वाटते. एका लग्नात हजार-दीड हजार क्लिक सहज होतात. पैसे लागत नाहीत ते कार्डाला. शटर मात्र प्रत्येक क्लिकला थोडे खर्च होते, आणि हा खर्च जुना कॅमेरा घेणाऱ्याच्या वाट्याला येतो.

कंपन्या आपले शटर किती क्लिकपर्यंत तपासले आहे ते सांगतात. निकॉन डी९० चे १,००,०००. निकॉन डी७००० चे १,५०,०००. कॅनन ६०डी चे १,००,०००. कॅनन ७डी आणि ५डी मार्क टू यांचे १,५०,०००. बातमीदार आणि खेळाचे फोटो काढणारे जे मोठे कॅमेरे वापरतात त्यांचे जास्त असते, निकॉन डी३ चे ३,००,००० आणि कॅनन १डी एक्सचे ४,००,०००. हे आकडे हमी म्हणून घेऊ नका. लाखाचे शटर चाळीस हजारांवर मोडलेले असू शकते आणि दुसरे तसलेच दोन लाखांवर चालू असते. माणसाचे सरासरी आयुष्य आणि एखाद्या माणसाचे आयुष्य यात जो फरक, तोच इथे.

आता आकडा कसा काढायचा? पहिली गोष्ट, फोटोच्या फाइलला जो नंबर पडतो तो शटर काउंट नाही. डीएससी ९९९९ झाले की पुन्हा ०००१ सुरू होते. त्यामुळे विकणाऱ्याने फोटो दाखवला आणि त्यावर ३२१५ नंबर असला, तर क्लिक ३,२१५ झालेले असतील, १३,२१४ झालेले असतील किंवा ७३,२०८ सुद्धा झालेले असतील. गणिताच्या सरांनी हिशेब पडताळून पाहावा. शिवाय मालक मेनूत जाऊन हा नंबर कधीही पुन्हा एकपासून सुरू करू शकतो.

निकॉनचे डीएसएलआर खरा आकडा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आतल्या नोंदीत लिहून ठेवतात. या नोंदींना एक्झिफ म्हणतात. एक्झिफटूल नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, कॅनडातील फिल हार्वे यांनी केलेला. लॅपटॉपवर तो आधीच टाकून ठेवा, म्हणजे मोलगीकडे नेटवर्क नसले तरी काम अडत नाही. कॅमेऱ्यातून आत्ता काढलेला फोटो कार्डातून थेट लॅपटॉपवर घ्यायचा आणि शटर काउंटची ओळ वाचायची. त्याच नोंदीत कॅमेऱ्याचा सिरियल नंबरही असतो. तो कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलेल्या नंबराशी जुळतो का ते बघा. जुळला नाही तर फोटो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा आहे.

विकणारा लांबचा असेल आणि फोटो पाठवतो म्हणाला, तर दोन गोष्टी सांगा. फोटो आजच्या वर्तमानपत्राचा काढ, म्हणजे तो जुना नाही हे कळते. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. फोटो म्हणून पाठवला की आतल्या नोंदी गळून जातात आणि आपल्या हाती नुसते चित्र येते.

कॅननचे बहुतेक डीएसएलआर हा आकडा फोटोत लिहीत नाहीत. तिथे कॅमेरा केबलने कॉम्प्युटरला जोडून वेगळ्या प्रोग्रामने तो काढावा लागतो. काही मॉडेलांत तो मिळतो, काही जुन्या मॉडेलांत असा मिळत नाही आणि सर्व्हिस सेंटरलाच विचारावे लागते. 'कॅननचा काउंट दिसतच नाही' असे विकणारा म्हणाला तर लगेच त्याच्यावर संशय घेऊ नका, पण तो सांगेल तो आकडाही धरू नका.

आकडा खरा असला तरी तो सगळे सांगत नाही. व्हिडिओ काढताना शटर एकदा उघडते आणि व्हिडिओ संपेपर्यंत उघडेच राहते. तासभर व्हिडिओ घेतला तरी आकडा थोडासाच वाढतो. म्हणून लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याचा कॅमेरा आठ हजार काउंटचा असला तरी त्याने शेकडो तास ऊन आणि उष्णता सोसलेली असू शकते. उलट कॅमेऱ्याचे शटर मध्येच बदललेले असले तर आकडा मोठा दिसतो आणि शटर नवे असते. आतला मुख्य बोर्ड बदलला असेल तर आकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झालेला असू शकतो. म्हणून दुरुस्तीची पावती मागा. पावती असली तर आकड्याचा अर्थ लागतो.

आता खूर आणि खांदा बघू. फ्लॅश बसवायची वरची खाच, म्हणजे हॉट शू, तिच्या कडांचा काळा रंग बघा. शेकडो वेळा फ्लॅश चढवला-उतरवला की रंग जातो आणि आतली धातू चकाकते. हाताची पकड असते तिथले रबर सुटले आहे का, बटणांवरची अक्षरे पुसली आहेत का, खाली ट्रायपॉडच्या पेचाभोवती ओरखडे आहेत का ते बघा. काउंट बारा हजार आणि हॉट शू घासून पांढरी, असे दिसले तर दोन्हींपैकी एक खोटे बोलते आहे, आणि हॉट शूला खोटे बोलता येत नाही.

मग औताला जुंपायचे. यासाठी अर्धा तास पुरतो. बरोबर चार्ज केलेली बॅटरी, रिकामे कार्ड, फ्लॅश आणि लॅपटॉप न्या. तपासणी दिवसा करा, मोकळ्या सावलीत. ट्यूबलाइट किंवा एलईडी दिव्याखाली करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगवान शटरला कळते. फोटोत पट्टे येतात आणि चांगल्या कॅमेऱ्यावर उगाच आळ येतो.

पहिली परीक्षा. सारख्या उजेडातली पांढरी भिंत घ्या. कॅमेरा मॅन्युअलवर, छिद्र एफ ८ वर कायम. आधी १/२५० वर एक फोटो, मग १/१०००, मग १/२०००, मग १/४०००. दर वेळी आयएसओ वाढवून उजळपणा सारखा राखा. सगळे फोटो लॅपटॉपवर शेजारी शेजारी लावा. चारही कोपरे थोडे गडद असतील तर तो लेन्सचा गुण आहे, त्याची काळजी नको. पण वरची किंवा खालची एकच कडा गडद असेल, आणि वेग वाढेल तशी ती जास्त गडद होत असेल, तर पडदे एका चालीने धावत नाहीत. तो कॅमेरा सोडून द्या.

दुसरी परीक्षा फ्लॅशची. फ्लॅश क्षणभरच चमकतो, म्हणून त्या क्षणी सेन्सर पूर्ण उघडा असावा लागतो. ज्या सर्वांत जास्त वेगाला तो पूर्ण उघडा मिळतो त्याला सिंक स्पीड म्हणतात. निकॉन डी९० ला १/२००, डी७००० आणि कॅनन ७डी ला १/२५०. फ्लॅश थेट कॅमेऱ्यावर बसवा, हाय स्पीड सिंक बंद ठेवा आणि सिंक स्पीडला भिंतीचा फोटो काढा. कडेला काळी पट्टी आली तर पडदा उशिरा पोचतो आहे. रेडिओ ट्रिगर लावून ही परीक्षा घेऊ नका, स्वस्त ट्रिगर स्वतःच उशीर करतात.

तिसरी परीक्षा दमाची. वेग १/१००० ठेवून बटण दाबून धरा आणि तीस-चाळीस फोटो सलग घ्या. ते भराभर पुढे सरकवत बघा. सगळे सारखे उजळ हवेत. मध्येच एखादा काळा किंवा एखादा फिका आला तर शटर अडखळते आहे. आवाजही ऐका. ठेका सारखा हवा. कॅननवर 'एरर २०' आले तर यांत्रिक भागात बिघाड आहे. निकॉन नुसते 'ईआरआर' दाखवतो. बंद-चालू केले की जाते, असे विकणारा सांगेल. जाते खरे, पण परत येते. शेवटी १ सेकंद आणि ३० सेकंद असे दोन संथ फोटोही घ्या. काठीच्या राजवाडी होळीला रात्रभर अंधारात नाच चालतो आणि पहाटे होळी पेटते, तिथे संथ शटरच कामाला येते.

चौथी परीक्षा डागांची. छिद्र एफ १६ किंवा एफ २२ वर आणून, फोकस मुद्दाम घालवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. धुळीचे ठिपके दिसतील, ते हवेच्या पंपाने निघतात. पण साफ करूनही गोल, तेलकट डाग पुन्हा पुन्हा येत असतील तर ते आतून येत आहेत. निकॉन डी६०० मध्ये सेन्सरवर डाग पडण्याची तक्रार इतकी वाढली की २०१४ मध्ये कंपनीने शटर फुकट बदलून दिले. डी७५० च्या काही कॅमेऱ्यांत शटर नीट न चालल्याने फोटोचा भाग सावलीत जायचा, त्याचीही फुकट दुरुस्ती कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केली. अशी मॉडेले घेताना ते काम झाले आहे का हे विचारायचे. आणि एक ताकीद: पडद्याच्या पात्यांना बोट, कापूस, काडी, काहीही लावू नका. कागदापेक्षा पातळ असतात, वाकली की संपली.

कोणी म्हणेल, एवढा सोपस्कार कशाला? कडेला थोडी सावली आली तर काय बिघडले? त्याला मी मोलगीकडच्या एका गावातले लग्न सांगतो. फोटो काढणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा, पहिलाच हंगाम, कॅमेरा हातउसने पैसे घेऊन जुना घेतलेला. काउंट कोणी बघितला नव्हता. हळदीच्या रात्री फ्लॅशवर संथ वेगाने फोटो काढले, ते चांगले आले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात घरच्यांचा ग्रुप फोटो काढला. ऊन म्हणून वेग वाढवलेला, आणि उन्हात कॅमेऱ्याचा छोटा पडदा नीट दिसत नाही. घरी जाऊन बघतो तर प्रत्येक फोटोची खालची पट्टी काळी.

ग्रुप फोटोत खालच्या पट्टीत कोण असते? पुढे मांडी घालून बसलेली लहान मुले आणि खुर्च्यांवर बसवलेली म्हातारी माणसे. त्या घरची आजी त्याच पावसाळ्यात गेली. तिचा आयुष्यात वेगळा असा फोटो कोणी काढलेलाच नव्हता. घरच्यांनी लग्नातला फोटो मोठा करून मागितला. पोरगा तो माझ्याकडे घेऊन आला. कॉम्प्युटरवर जेवढे उजळता आले तेवढे उजळले. कपाळ आणि डोळे आले, हनुवटीकडचा भाग नुसता दाणेदार राखाडी राहिला. तोच फोटो आज त्या घरात हार घालून लावलेला आहे. पोराने पैसे घेतले नाहीत, आणि पुढची दोन लग्नेही त्याच्या हातून गेली. कॅमेऱ्याचे कर्ज मात्र त्याला फेडावे लागले.

आपल्या भागात भिंतीवर हार घातलेले फोटो बघा. त्यातले कितीतरी कुठल्या तरी लग्नाच्या फोटोतून कापून मोठे केलेले असतात. या स्मरणिकेतही श्रद्धांजलीचे पान आहे. आपल्या तुकडीतल्या तिघांचे फोटो त्यात आहेत. त्यातल्या एकाचा फोटो कुठेच मिळाला नाही. शेवटी दहावीच्या ग्रुप फोटोतून, दुसऱ्या रांगेतून त्याचा चेहरा घेतला. रोलवरच्या त्या फोटोग्राफरचे शटर त्या दिवशी नीट चालले म्हणून तो चेहरा आज आपल्याकडे आहे.

आता शेवटचा हिशेब, आपले काम किती आहे याचा. समजा एक निकॉन डी७००० आहे. सगळ्या परीक्षा पास झाला आहे आणि काउंट ७०,००० आहे. कंपनीच्या आकड्याने ८०,००० क्लिक शिल्लक. हाच कॅमेरा शाळेत आला आणि मुलांनी आठवड्याला २०० फोटो काढले, तर वर्षाचे ४० आठवडे धरून ८,००० क्लिक होतात. म्हणजे कागदावर दहा वर्षे. हाच कॅमेरा लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या मुलाकडे गेला, त्याने हंगामात ४० लग्ने केली आणि प्रत्येकात १,५०० फोटो काढले, तर ६०,००० क्लिक. म्हणजे एक हंगाम आणि थोडे दिवस. कॅमेरा तोच, आकडा तोच. शाळेला तो परवडतो, त्या मुलाला तो परवडेलच असे नाही. म्हणून 'सत्तर हजार म्हणजे जास्त का कमी' असे मला विचारू नका. कोणाच्या हातात जाणार आहे ते आधी सांगा.

ज्यांच्या मुलांना धंदा करायचा आहे त्यांना माझे सांगणे असे. भाव ठरवण्याआधी दुरुस्ती करणाऱ्याला फोन करून त्या मॉडेलचे शटर बदलायला किती लागतील आणि भाग मिळतो का, ते विचारा. समजा कॅमेरा १८,००० ला सांगितला आणि शटरचा खर्च ८,००० येतो. काउंट संपत आलेला असेल तर तो कॅमेरा तुम्हाला २६,००० ला पडतो असे धरूनच बोला. दुरुस्तीसाठी आपल्याला सुरत, नाशिक नाहीतर मुंबईचा बोरा बाजार गाठावा लागतो, जाण्यायेण्याचे दिवसही हिशेबात धरा. आणखी एक, २०२० नंतर निकॉन आणि कॅनन यांनी नवे डीएसएलआर मॉडेल आणलेले नाही, सगळा भर मिररलेसवर आहे. जुन्या मॉडेलांचे भाग पुढे कमीच होत जाणार. आणि लग्नाला एकच कॅमेरा घेऊन जाऊ नका. दुसरा स्वतःचा नसला तर मित्राचा भाड्याने घ्या. मंगलाष्टके पुन्हा म्हणता येत नाहीत.

शाळेच्या कॅमेऱ्याबद्दल समितीपुढे माझ्या तीन सूचना आहेत. एक, सांगून आलेले तिन्ही कॅमेरे एकाच रविवारी शाळेत मागवावेत आणि आज सांगितलेल्या सगळ्या परीक्षा दहावीच्या मुलांकडूनच करून घ्याव्यात. मी बरोबर असेन. मुलांना शटर कसे चालते ते पुस्तकापेक्षा लवकर कळेल. दोन, जमलेले सगळे पैसे कॅमेऱ्यावर खर्च करू नयेत. शटर बदलण्याइतकी रक्कम शाळेच्या खात्यावर बाजूला ठेवावी. तीन, कॅमेऱ्याबरोबर एक वही द्यावी. दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मुलांनी शटर काउंट काढून वहीत लिहावा आणि पांढऱ्या भिंतीची परीक्षा घ्यावी. कडा काळवंडायला लागली तर ती आपल्याला आधी कळेल, ग्रुप फोटोच्या दिवशी नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लेन्सला बुरशी लागते, म्हणून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा, आणि सुट्टीतही महिन्यातून एकदा बाहेर काढून चालवावा. कपाटात कुलूप लावून ठेवलेला कॅमेरा कोणाच्याच कामाचा नाही.

मुलांनी त्यावर काय काढावे ते त्यांनी ठरवावे. माझी एकच इच्छा आहे. काठीची होळी काढायला मुंबई-पुण्याचे लोक महागडे कॅमेरे घेऊन येतात, ते खुशाल येवोत. आपल्या मुलांनी मोलगीचा बाजार काढावा, उन्हाळ्यात अंगणात आमचूर वाळवणाऱ्या बाया काढाव्यात, आणि प्रत्येकाने आपल्या आजी-आजोबांचा एकेक वेगळा फोटो काढावा. चांगल्या उजेडात, एकट्याचा. म्हणजे पुढे कोणाला तो ग्रुपमधून कापून काढावा लागणार नाही.